मोतीबाईने परत केलेलं लुगडं

कर्जत,
माघ शुद्ध सप्तमी, शके १८५४

चिरंजीव भालचंद्र भावजी,

तुमच्या वहिनीचा तुम्हाला आणि कमळाला आशीर्वाद. अक्षर पाहून दचकू नका, घरात सगळं ठीक आहे.

दोन वर्षांत आपल्या घरातून रंगूनला कागद गेला नाही आणि तिकडूनही आला नाही. तुमचा पत्ता मी नेरळला कमळाच्या आईकडून आणला. तिने विचारलं, "दादांना ठाऊक आहे का, तुम्ही लिहिणार ते?" मी म्हटलं, आहे. ते खोटं नव्हतं. तुमच्या दादांच्या समोरच बसून लिहिते आहे. त्यांना हल्ली लिहायचा कंटाळा येतो, एवढंच.

तुम्ही हसाल, पण आपल्या भातगिरणीचं सध्या मीच पाहते. दादांना विश्रांती हवी होती. सकाळचा स्वयंपाक आटोपून मी जाते ती दिवेलागणीला परत येते. पहिले काही दिवस भात सडणाऱ्या हलरच्या आवाजाने डोकं भणाणून जायचं. आता घरी आल्यावर शांततेचाच त्रास होतो. नाकात, केसांत, भाकरीच्या पिठात, सगळीकडे कोंडा. लहानपणी तुम्ही भाताच्या पेंढ्यांच्या उडव्यातून उठून आलात की मी तुम्हाला मागच्या दारी झटकून घेत असे, तशी आता मलाच कोणीतरी झटकायला हवी.

मुंबईचे वीरचंदशेठ परवा येऊन गेले. आपली आणि त्यांची कंपनी झाल्यापासून वर्षातून दोनदा येतात. माणूस वाईट नाही. येताना दादांसाठी मोसंबी आणतात, माझ्याशी बोलताना टोपी नीट करतात. पण त्यांना गिरणीची काळजी लागली आहे. माणसं येतात, जातात, मन लावून करत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. म्हणाले, "वहिनी, माणूस कशासाठी कामाला येतो हे एकदा कळलं, की गिरणी आपोआप चालते. तुम्ही घर चालवलंय. तुम्हाला कळेल." आणि जाता जाता हेही म्हणाले, की पुढच्या हंगामाच्या आत घडी बसली नाही तर यंत्रं उचलून कल्याणला नेणं बरं.

ते गेल्यावर मी इंजिनघरात गेले. कासम मिस्त्री इंजिनावर तळवा ठेवून उभा होता, तुम्ही ठेवायचात तसा. मला म्हणाला, "वैनी, धाकल्या भाऊंचं काय कळलं का?" मी म्हटलं, नाही. "बरं," म्हणाला आणि तेलाची बुधली पुसत बसला.

म्हणून हे पत्र.

तुमची,
वहिनी

•

कर्जत,
माघ वद्य दशमी

चिरंजीव भावजी,

पहिलं पत्र पोचलं असेल नसेल. उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे, कारण शेठजींच्या प्रश्नाने मला झपाटलं आहे आणि तो बोलायला दुसरं माणूस नाही.

आबाजी दिवाणजींचं आधी सांगते. शेठजींनी त्यांच्यावर खूश होऊन त्यांना मुंबईहून टेबल-खुर्ची पाठवली. आबाजींनी खुर्चीवर मांडी घातली आणि टेबल पानाच्या तबकाला दिलं. इथवर ठीक होतं. पण टेबलाला खण होता. शेठजी म्हणाले, किल्ल्यांचा जुडगा कंबरेला कशाला, खणात ठेवा. दुसऱ्या दिवसापासून आबाजी तापाने आडवे. मी पेज घेऊन गेले तर बायको म्हणाली, "ताप कसला, वैनी. कंबर हलकी झाली ना त्यांची." मी जुडगा पदराखाली घेऊनच गेले होते. उशाशी ठेवला. संध्याकाळी आबाजी गिरणीच्या दाराशी हजर, चालताना खुळखुळ खुळखुळ. त्यांना बढती नको, पगार वाढवला तर घेतील, पण ते येतात त्या खुळखुळाटासाठी.

मंगळ्या आणि त्याच्या वाडीची माणसं पोती वाहतात. तीही मधूनच नाहीशी होतात म्हणून शेठजींची तक्रार. मी मंगळ्याला विचारलं तर त्याने आधी पाठीवरचं पोतं उतरवलं. मग म्हणाला, "तुमचा भोंगा अंधारात वाजतो, बाय. आमची वाट डोंगराची. उजेड हाय तवर सोडा, मंग बगा." आता त्यांना दिवस असताना सोडते. सकाळी भोंग्याच्या आधीच दारात बसलेले असतात, शेकोटी करून.

तुम्ही म्हणाल वहिनी फुशारकी मारते. मारते थोडी. इतकी वर्षं मी तुमच्या दोघांची ताटं वाढली, आणि गिरणीतलं एकही माणूस मला नावापलीकडे माहीत नव्हतं.

राहिल्या बायका. निवडणाऱ्या. त्यांच्यावाचून आपला तांदूळ म्हणजे खडे आणि कणी. शेठजींनी सुचवलं आहे की त्यांच्यासमोर काहीतरी दिसेल असं बक्षीस ठेवावं, शिमग्यापर्यंत जिची रास मोठी तिला ते. मुंबईच्या गिरण्यांत असं करतात म्हणे. मला कल्पना फार आवडली. मी स्वतः नेरळच्या बाजारात जाऊन लुगडं आणलं. हिरवंगार, तांबड्या काठाचं. निवडायच्या पडवीत मधल्या वाशाला दोरी बांधून त्यावर पसरून टाकलं. बायका हात पुसून पुसून काठ पाहत होत्या. सोनुबाई म्हणाली, "वैनी, ह्ये नेसून मी बसले तर म्हातारा वळखायचा नाय मला, दुसरी आनली म्हनंल." पडवी इतकी हसली की हलरचा आवाज ऐकू येईना.

दादांना सांगितलं. ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या मनात काय होतं कोण जाणे.

तुमची,
वहिनी

•

कर्जत,
फाल्गुन वद्य द्वितीया

चिरंजीव भावजी,

शिमगा झाला. पुरणपोळी केली. दादांनी अर्धी खाल्ली. कटाची आमटी तुम्हाला आवडते तशी तिखट केली आणि मग कोणी खायला नाही हे लक्षात आलं.

गिरणी दोन दिवस बंदच आहे म्हणायची. बायका आल्या नाहीत. शिमग्यामुळे असेल. सोंगं निघतात, पालखी असते, कोण येतं. मंगळ्याची माणसं मात्र आली आहेत, आणि न निवडलेल्या तांदळाची पोती पडवीत वाढत चालली आहेत. आबाजी म्हणाले, "शिमग्याला बायका दर वर्षी एक दिवस चुकवतात, दोन नाही." मी म्हटलं, यंदा दोन चुकवले असतील.

लुगडं मोतीबाईला मिळालं. तिचा हात विजेसारखा चालतो हे तुम्हाला ठाऊक आहेच. गेल्या शनिवारी मी स्वतः तिची ओटी भरून दिलं. बाकीच्यांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. वाजवल्या.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं आहे. लुगडं टांगल्यावर पहिल्या दिवशी थट्टा झाली, दुसऱ्या दिवशी गाणं थांबलं. तोवर पडवीत सबंध दिवस गाणं असायचं, ते माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की ते नाहीसं झाल्याचं मला उशिरा कळलं. पुढे बायका आपापल्या राशीवर जुनेर टाकून पाण्याला जाऊ लागल्या. त्यांच्यातल्याच चिंधी नावाच्या बाईचं तान्हं भिंतीशी गोणपाटावर रडत होतं आणि ती सूप खाली ठेवीना. शेवटी सोनुबाई कमरेत वाकून उठली आणि तिने पोर घेतलं. सोनुबाईला हल्ली नीट दिसत नाही, तिची रास सगळ्यांत लहान. त्या दिवसांत राशी खरंच मोठ्या होत होत्या. मी शेठजींना तसं कळवलंही.

हे शिमग्यामुळेच असेल, भावजी. असं मी धरून चालले आहे.

वहिनी

•

कर्जत,
फाल्गुन वद्य एकादशी

चिरंजीव भावजी,

शिमग्यामुळे नव्हतं.

मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर लुगडं घडी करून ठेवलेलं होतं. मोडलेल्या घड्या जशाच्या तशा घालून. शेजारी मोतीबाई खांबाला टेकून बसलेली. मी म्हटलं, "अगं, काठ विरला का?"

"नाय."

"मग रंग गेला?"

"नेसलेच नाय, तर रंग कुटं जातो." मग पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाली, "वैनी, ह्ये नेसून मी कुनाच्या दारात जाऊ? शिमग्याला होळीपाशी हुबी ऱ्हायले, तर बाया जागा देऊन बाजूला झाल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझा राब अजून भाजायचा हाय. समद्यांच्या रानात मी गेले, आता सावडीला कोन येल मला?"

मी तिला चहा दिला, तो तिने घेतला नाही. म्हणाली, "आज समद्या सोनुबाईच्या रानात हायेत. तुमी आल्या तर या," आणि गेली.

मी गेले. तुमच्या दादांना शेजारच्या काकूंच्या हवाली केलं आणि आबाजींना सोबत घेऊन गेले. आबाजी वाटभर किल्ल्या वाजवत आणि पुटपुटत होते. सोनुबाईचं शेत नदीपलीकडे, उताराला. तिथे आपल्या सगळ्या बायका, डोक्यावर पानापाचोळ्याचे आणि तोडलेल्या डहाळ्यांच्या कवळाचे भारे. पेरणीच्या जागी राबासाठी, म्हणजे पावसाआधी जाळून रोपांची जमीन तयार करायला, त्या ते पसरत होत्या. एकीचा भारा कमी पडला की शेजारची आपल्यातला ढकलत होती, न बोलता, न पाहता. सोनुबाईला वाकता येईना, तर तिच्या दोन्ही बाजूच्या बाया तिच्या वाट्याची जमीन आपल्याकडे ओढून घेत होत्या. सगळा राब एका जाडीचा झाला. कोणाचा हात कुठे लागला हे कोणाला सांगता आलं नसतं.

तेव्हा मला पडवीत रोज संध्याकाळी काय चालायचं ते उमगलं. भोंगा व्हायच्या आधी त्या आपापल्या राशींतून सूपभर उचलून इकडेतिकडे टाकत. मला वाटे, खेळतात. मोतीबाईच्या राशीतलं सोनुबाईच्या राशीत जायचं, आणि सोनुबाई दिवसभर मोतीबाईच्या पोराला गोष्टी सांगायची. त्या गिरणीतसुद्धा सावडच करत होत्या, भावजी. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. त्यांच्यामधोमध मी ते लुगडं टांगलं.

मी बांधावर उभी.  सोनुबाईने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "कोन, वैनी का? हुब्या का? भारा उचला की." मी उचलला. पानं पाठीत गेली, दोनदा पडले. कुणीतरी हसलं. मग सगळ्या हसल्या. चिंधी म्हणाली, "वैनीला रास करायला लावा, वैनीला बक्षीस." ते लागलं मला, पण त्या बोलल्या याचंच बरं वाटलं.

दुपारी भाकरी खाताना मी पिशवीतून लुगडं काढून मध्ये ठेवलं. म्हटलं, "याचं काय करायचं ते तुम्ही सांगा. मी परत घरी नेणार नाही." कोणी हात लावेना. चिंधीचं पोर तेवढं रांगत आलं आणि काठ तोंडात घालून चोखू लागलं.

सोनुबाई म्हणाली, "झालं. ज्याचं त्यानं घेतलं."

मोतीबाईनेच ते दातांनी फाडलं. आधी चर्रकन आवाज आला तेव्हा माझा हात अडवायला पुढे गेला, खोटं कशाला सांगू. दोन झोळ्या झाल्या. काल त्या पडवीत टांगल्या आहेत, त्याच वाशाला, त्याच दोरीने. एकीत चिंधीचं तान्हं, दुसरीत आलटूनपालटून. जिचा हात मोकळा असेल ती दोरी ओढते. गाणं पुन्हा सुरू झालं आहे. राशी पूर्वीपेक्षा लहान आहेत की मोठ्या, हे मी आबाजींना मोजू दिलेलं नाही.

उत्तर टाका, भावजी. चार ओळी टाका.

तुमची,
वहिनी

•

कर्जत,
वैशाख शुद्ध अष्टमी, शके १८५५

चिरंजीव भावजी,

तुमचं पत्र मिळालं. चार ओळी मागितल्या होत्या, चारच आल्या. त्यातल्या तीन इंजिनाच्या पट्ट्याबद्दल. मी कासमला वाचून दाखवल्या. त्याने पत्र हातात मागून घेतलं, वाचता येत नसताना त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "पट्टा सैल झालाय हे रंगूनला कसं ऐकू गेलं?" त्या दिवशी तो जेवायलाही उठला नाही, पट्टा आवळत बसला.

चौथ्या ओळीत तुम्ही विचारलंत, दादांच्या हातचं अक्षर का नाही.

चार पत्रांत टाळलं, आता टाळत नाही. गेल्या श्रावणात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. डाव्या हाताने जेवतात. समजतं सगळं. हे मी कळवलं नाही, कारण तुम्ही कळताक्षणी बोटीत बसला असतात हे मला माहीत होतं. तुम्ही दयेने यावं असं मला नको होतं. तुम्ही का गेलात हे मला आधी समजून घ्यायचं होतं. घरात सगळे म्हणत, कंपनीत हिस्सा कमी मिळाला म्हणून भाऊ गेले. मीही तेच धरून बसले होते. तुमच्या दादांनाही तेच वाटत असावं, कारण ते म्हणायचे, मागितला असता तर दिला असता.

पण मोतीबाई खांबाला टेकून बसली होती तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. लुगडं चांगलं होतं, मी मायेने दिलं होतं, तरी ते तिला चारचौघींतून उठवून गेलं. आणि मग तो दसरा आठवला. इंजिनाचा पाया तुम्ही घातलात. ते इंजिन पहिल्यांदा धडधडलं तेव्हा तुम्ही लहान मुलासारखे धावत घरी आला होतात, मला ओढत न्यायला. पुढे दर दसऱ्याला इंजिनापुढचा नारळ तुम्हीच फोडायचात. तो कोणी तुम्हाला दिला नव्हता, तुमचाच होता. कंपनी झाली त्या दसऱ्याला दादांनी पाहुण्याचा मान म्हणून तो वीरचंदशेठच्या हातात ठेवला. तुम्ही बाजूला झालात. हसत झालात, मी पाहिलं होतं. जेवायला बसलात तेव्हा श्रीखंड परत मागितलं नाहीत, तेही पाहिलं होतं. आठवड्याने तुम्ही रंगूनचं तिकीट काढलंत.

बरोबर का, भावजी? चूक असेल तर पुढच्या पत्रात इंजिनाबद्दल लिहा, मी समजेन.

मी हे दादांनाही वाचून दाखवलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. शेजारच्या काकूंना वाटलं झोपले. झोपले नव्हते.

तुमची,
वहिनी

•

कर्जत,
आश्विन शुद्ध द्वादशी

चिरंजीव भावजी,

पावसाळाभर तुमचं उत्तर नाही. इंजिनाबद्दलही नाही. म्हणजे मी चुकले नसावे.

परवा दसरा झाला, त्याची हकीकत कळवते. वीरचंदशेठ आले होते. झोळ्या पाहून त्यांनी विचारलं, "हे काय, वहिनी?" मी म्हटलं, तुम्ही सुचवलेलं बक्षीस. ते समजले नाहीत, पण मोतीबाईने त्यांना एका झोळीची दोरी ओढायला दिली आणि त्यांनी ती बराच वेळ ओढली. गिरणी कल्याणला नेण्याचं आता ते बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, "माणसं टिकली, चांगलं झालं. पण यंत्र जाणणारा मालक हवा. कासम थकला. दिवाळीच्या पाडव्याला नवं भात येईल, तोवर चालवणारा कोण ते मला सांगा. नाहीतर माझा नाइलाज आहे."

दादांनी खुणेने सांगितलं, मला न्या. कासम आणि मंगळ्या यांनी त्यांना खुर्चीसकट उचललं, ती आबाजींची मुंबईची खुर्ची, अखेर कामाला आली. इंजिनापुढे ठेवलं. आपट्याची पानं, झेंडू, हळदकुंकू झालं. सोनुबाईने नारळ आणून दादांच्या मांडीवर ठेवला. शेठजींनी रीतीप्रमाणे हात पुढे केला.

दादांनी नारळ दिला नाही. डाव्या हाताने उपरणं ओढून त्यावर घातलं आणि हात वर दाबून धरला.

कासम खाली वाकून म्हणाला, "दादा, मुहूर्त जातोय."

दादांनी नाही म्हणून मान हलवली.  मला वाटलं शेठजी रागावतील. ते दादांच्या हाताकडे पाहत राहिले, मग कासमकडे पाहिलं. कासम जमिनीकडे बघत होता. शेठजी हळूच म्हणाले, "हा नारळ माझा नव्हताच का?"  त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, "मग मला फुलं द्या. फुलं मी वाहतो." त्या क्षणापासून तो माणूस मला घरचा वाटतो.

इंजिन सुरू झालं नाही. कासम म्हणाला, नारळ फुटल्याशिवाय तो चाकाला हात लावणार नाही. भात यायला पाडवा आहे, तोवर अडत नाही. सोनुबाई घरी जाताना मला म्हणाली, "वैनी, राब भाजायला मोतीला बोलावनं गेलं तवा ती आली. बोलावल्याबिगर कशी येल? मानूस काय वाऱ्यावर हाय?"

भावजी, या वर्षात मी सगळ्यांना विचारलं, तुम्ही कशासाठी येता. तुम्हाला कोणीच विचारलं नव्हतं. तुम्हाला घरचे समजलो आणि विचारायचं राहूनच गेलं. म्हणून आज वहिनी म्हणून विचारते, आणि गिरणीच्या वतीनेही विचारते. याल का? कमळाला घेऊन या. पाडव्याला पोचायचं तर हे पत्र मिळताच निघावं लागेल.

नारळ दादांच्या उशाशी आहे. रोज सकाळी ते डाव्या हाताने उचलून कानाशी धरतात आणि हलवून बघतात. मग माझ्या कानाशी धरतात. पाणी अजून वाजतं आहे.

तुमची वाट पाहणारी,
वहिनी